इंजिनं ऐकणाऱ्या मार्थाताई

रूथचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून मेट्रोच्या जिन्यावर होतो. रूथ म्हणजे मार्था गायकवाड यांची भाची, अहिल्यानगरला शाळेत शिकवते. "सुधीरदादा, आत्या गेली. परवा. झोपेतच," ती म्हणाली. मार्थाताई ऐंशीच्या पुढे होत्या. बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. अशा वेळी जे बोलतात ते मी बोललो. मग फोन ठेवता ठेवता रूथ सहज म्हणाली, "शेवटपर्यंत कान मात्र ठणठणीत होते हं तिचे. इथे आल्यावर तिनेच हट्ट धरून तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, आजी, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. तर बाहेर येऊन मला म्हणते, रूथ, यांचं मशीन बिघडलंय, आपण दुसरीकडे जाऊ."

रूथ हसली. मी जिन्यावरच खाली बसलो. "भाईसाहब, साइड," म्हणत लोक अंगावरून जात होते.

मार्थाताईंचा आपल्या कानांवरचा विश्वास कसा गेला, हे जगात मला एकट्याला माहीत आहे. त्या असताना मी बोललो नाही. आता सांगतोय, यात धाडस काही नाही, हेही मला कळतं.

आमचं खातं नकाशांचं. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला एका जुन्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी तिथे लागलो तो हरल्यासारखा. मुनिरक्यात खोली घेऊन तीन वेळा सनदी अधिकारी व्हायची मोठी परीक्षा दिली होती, तिन्ही वेळा नापास. शेवटी ही कारकुनी मिळाली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "डबा आणलायस का? नसणारच. चल." त्या मार्थाताई. ड्राफ्ट्समन म्हणून लागलेल्या आणि निवृत्तीपर्यंत ड्राफ्ट्समनच राहिलेल्या. खात्यात सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत, मी 'ताई' म्हणू लागलो. त्यांनी मला परीक्षेबद्दल कधी म्हणजे कधीच विचारलं नाही. त्या काळात असं न विचारणारं दिल्लीत दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला पालम स्टेशनवर बोलावलं. त्या तिथेच मागे राहत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली रूळ. प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, जिथे छप्पर संपतं आणि लोक जात नाहीत, तिथे त्या थर्मास घेऊन बसल्या होत्या. मांडीवर वही. मला म्हणाल्या, "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे. परीक्षा नाही घेत तुझी."

मी मिटले. लांबून काहीतरी येत होतं. त्या म्हणाल्या, "ही डेमू. गाडीच्या पोटातच इंजिन असतं हिच्या. ट्रकांची रांग येतेय असं वाटतं की नाही?" थोड्या वेळाने दुसरं आलं. "हे नवं इंजिन. एकसुरी घुमतं. वेग घेताना बारीक शीळ घालतं. गुणी आहे, पण सांगण्यासारखं काही नाही त्याच्यात." आणि मग बऱ्याच वेळाने एक मालगाडी आली. तिचं इंजिन छातीत वाजत होतं. ढग्-ढग्, ढग्-ढग्, मध्येच एखादा ठोका विसरल्यासारखं. मी डोळे उघडले तर ताईंनीच मिटलेले होते. ते गेल्यावर काळा धूर खाली आला, आमच्या चहात काजळीचे कण पडले, तो चहा त्या तशाच प्यायल्या. "हे जुनं. याचे आता थोडेच दिवस. वरून विजेच्या तारा यायला लागल्यात. तारांवरची इंजिनं मुकी असतात, सुधीर."

त्यांना पाहिलेल्यापेक्षा ऐकलेलं इंजिन जास्त आवडे. वहीत प्रत्येक इंजिनाचा नंबर, तारीख, स्टेशन, आणि पुढे एक खूण: पाहिलं असेल तर डोळा, नुसतं आवाजावरून ओळखलं असेल तर कान. दोन्ही खुणा एवढ्या सुबक काढलेल्या, की छापल्यासारख्या वाटत. कानाची खूण मिळवणं कठीण होतं. इंजिन दिसायच्या आधी, कुणी सांगायच्या आधी ओळखायचं, आणि मग ते बरोबर निघालं तरच खूण काढायची. "नाव सांगितल्यावर हो हो म्हणायला काय लागतं?" त्या म्हणायच्या. "ते ओळखणं नव्हे."

इंजिनांबद्दल त्या एखाद्या घरच्या डॉक्टरसारखं बोलत. "याला दम लागलाय." "हे नुकतंच कारखान्यातून आलंय, अंगात नवा सदरा घातल्यासारखं चालतंय." एकदा बिजवासन स्टेशनवर रेल्वेचा एक शिपाई आला. "मैडम, यहाँ आखिर में बैठ के क्या कर रही हो?"

"सुन रही हूँ."

"क्या सुन रही हो?"

"आपकी साढ़े ग्यारह वाली. सुबह उधर जाते सुनी थी, बीमार है. लौटते में लेट आएगी."

गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. पुढच्या वेळी त्या शिपायाने आपणहून त्यांना खुर्ची आणून दिली आणि हळूच विचारलं, "मैडम, आज कैसी है?"

चर्चमध्येही हेच. महिन्यातून एकदा मराठी उपासना असे आणि त्या चर्चच्या मागून रूळ जात. सगळे मान खाली घालून प्रार्थनेत, आणि ताईंचा उजव्या हाताचं एक बोट वर. पास्टरनी एकदा भर उपासनेत विचारलं, "मार्थाताई, देवबाप्पाला काही विचारायचंय का?" ताई म्हणाल्या, "नाही पास्टर, चालू दे. जुनं होतं. गेलं." अख्खं चर्च हसलं. पास्टरसुद्धा.

त्यांच्यासारखी वेडी माणसं आणखीही होती. व्हॉट्सअपवर सात-आठ जणांचा ग्रुप. त्यात चौहानजी म्हणून रेवाडीचे एक निवृत्त ड्रायव्हर. सगळं आयुष्य इंजिनात गेलेलं, आवाज मोठा, मिशा मोठ्या. ताईंचं कौतुक ऐकून ते पहिल्यांदा पालमला आले ते खोड मोडायलाच. आपल्या पगडीचं कापड सोडून त्यांनी ताईंच्या डोळ्यांवर बांधलं. सहा गाड्या गेल्या. ताईंनी सहाच्या सहा ओळखल्या. पाचवीला चौहानजी ओरडले, "गलत! ये नया है, मैडम!" ताई शांतपणे म्हणाल्या, "पुराना ही है. आपके लोगों ने इसके पेट में कुछ बदला है. पूछिए." चौहानजींनी तिथूनच शेडमध्ये फोन लावला. फोन ठेवला, पट्टी सोडली आणि सगळ्या प्लॅटफॉर्मसमोर ताईंच्या पाया पडले. त्या दिवसापासून ग्रुपवर कुणाला शंका आली की शेवटचा शब्द ताईंचा.

त्यांच्या वहीत एक जागा रिकामी होती. जुन्या इंजिनांतलं एक, शेवटचे आकडे चारशे सतरा. दिल्लीच्या आसपासच्या लाइनींवर फिरणारं, पण ताईंना नेहमी हुलकावणी देणारं. एकदा, फार वर्षांपूर्वी, दाट धुक्यात ते पालमवरून पलीकडच्या रुळाने गेलं होतं. दिसलं काहीच नाही, पण तिसऱ्या ठोक्याला लंगडणारा असा आवाज ताईंनी पूर्वी ऐकला नव्हता. ते चारशे सतरा होतं हे त्यांना नंतर कळलं. नंतर कळलं म्हणून वहीत जागा कोरीच. "पुन्हा ऐकलं की ओळखेन," त्या म्हणायच्या. "माणूस आवाज विसरतो का कधी?"

मग पालमच्या पुलाच्या पायऱ्यांवरून त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण महिनोन्महिने पलंगावर. आणि नेमकं त्याच वेळी चौहानजींनी ग्रुपवर टाकलं: गढी हरसरूहून फारुखनगरला जी छोटी गाडी जाते, तिला काही दिवस चारशे सतरा लावणार आहेत. त्यानंतर ते भंगारात.

ताईंनी मला बोलावून घेतलं. तो चेहरा मला अजून दिसतो. "शनिवारी तू जा. गाडी सुटायच्या आधी इंजिन उभं असतं दहा-पंधरा मिनिटं. मला फोन लाव आणि नुसता इंजिनासमोर धर. ऐनवेळी दुसरंही लावतात, तू नंबर बोलू नकोस. मीच ओळखेन." मग थोड्या लाजल्यासारख्या म्हणाल्या, "एवढं एक कर रे. पुन्हा काही सांगणार नाही."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

शनिवारी सकाळी मी करोल बागेत होतो. आम्ही सेकंडहँड गाडी घेतली होती, तिला सीट कव्हर लावायची होती, दुकानदाराने सकाळचीच वेळ दिली होती. पुढच्या शनिवारी जाऊ, एका आठवड्याने काय बिघडतं, असा माझा हिशेब. ताईंना संध्याकाळी फोन करून सांगणार होतो की आज जमलं नाही.

त्यांचाच फोन आला. गाडी सुटायच्या वेळेला, मिनिटाचाही फरक नाही.

"पोचलास?"

मला अजूनही कळत नाही मी असं का बोललो. कुणी विचारलं 'झोपला होतास का' की आपण 'नाही नाही' म्हणतो, तितक्या सहज मी म्हणालो, "हो ताई. समोरच उभं आहे."

"नंबर सांगू नकोस! आधी ऐकव."

गल्लीतले दिवे गेलेले होते. दुकानाच्या मागे एक मोठा जुनाट जनरेटर चालू होता, सगळ्या गाळ्यांना मिळून एक. मी दोन पावलं टाकली आणि फोन त्याच्यासमोर धरला. विचार केला नाही. त्या ओळखतील, म्हणतील, सुध्या, गाढवा, हा जनरेटर आहे, असंच कुठेतरी मनात असावं. ज्यांनी चौहानजींना पाया पडायला लावलं, त्यांना जनरेटर कळणार नाही?

मिनिटभर मी फोन धरून उभा होतो. मग कानाला लावला. ताई रडत होत्या.

"तेच. तेच आहे रे. तिसऱ्या ठोक्याला लंगडतंय. ऐकलंस तू? चारशे सतरा. बरोबर?"

दुकानदार "साहब, काला या भूरा?" विचारत होता.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी पलंगावर वही मागवून घेतली, चारशे सतरापुढे कानाची खूण काढली आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी हार, फुलं, टाळ्या पाठवल्या. मला वाटलं, झालं, संपलं. एका म्हाताऱ्या बाईला आनंद झाला, कुणाचं काय गेलं?

मंगळवारी चौहानजी द्राक्षं घेऊन ताईंना बघायला आले. मी तिथेच होतो. ते बराच वेळ खुब्याबद्दल, मुलांबद्दल, पावसाबद्दल बोलले. शेवटी द्राक्षांकडे बघत म्हणाले, "मैडम, एक बात है. बुरा मत मानना. शनिवार को चार सौ सत्रह आया ही नहीं. रेवाडी में फेल पड़ा था. उस दिन फारुखनगर वाली में नया इंजन लगा था."

ताई हसल्या. "ऐसे कैसे? मैंने सुना है."

चौहानजी माझ्याकडे वळले. "तू गया था न?"

इथे मी सगळं सांगू शकलो असतो. एक वाक्य. करोल बाग, जनरेटर, माफ करा. चौहानजींनी दोन शिव्या घातल्या असत्या, ताई दोन दिवस बोलल्या नसत्या. पण त्यांचे ते डोळे माझ्यावर होते आणि माझ्या तोंडातून निघालं, "गया था. भीड़ थी बहुत. नंबर ठीक से दिखा नहीं. मैंने तो बस फोन आगे किया. ताई ने कहा चार सौ सत्रह, तो मैंने भी हाँ कह दिया."

चौहानजींनी सुस्कारा टाकला. "तो फिर नया ही था. नए को पुराना सुन लिया मैडम ने. होता है. उमर है."

ताईंचा चेहरा मी पाहिला. मार खाल्लेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा नव्हता. घरात शिरल्यावर आपलं सगळं सामान हललेलं दिसावं आणि काय गेलंय तेही कळू नये, तसा होता. "नव्याला जुनं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी?"

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगायचंच आहे.

पुढच्या आठवड्यात गेलो तर पलंगावर सगळ्या वह्या पसरलेल्या. ताईंनी ऑफिसातली जुनी पट्टी आणि लाल शाईचं पेन काढलं होतं. "बरं झालं आलास. पानं धर जरा. पट्टी सरकते."

"काय करताय, ताई?"

"कानाच्या खुणा खोडतेय."

मला वाटलं एक. चारशे सतराची. त्या पहिल्या वहीचं पहिलं पान उघडून बसल्या होत्या.

"सगळ्या?"

"कान नेमका कधीपासून बिघडला, कुणास ठाऊक. एक खोटी निघाली म्हणजे बाकीच्या कशावरून खऱ्या? डोळ्याच्या तेवढ्या राहू देत."

"पण चौहानजींनी तुमची परीक्षा घेतली होती ना! सहाच्या सहा!"

"नशीब असेल." पट्टी ठेवून, शाई जराही पसरू न देता, त्यांनी सरळ रेघ ओढली. नकाशावर हद्द मारतात तशी. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू होतास म्हणून कळलं, सुधीर. नाहीतर मी मरेपर्यंत खोटंच लिहीत राहिले असते."

त्या माझे आभार मानत होत्या. मी पानं धरली. एकामागून एक वही, दोन शनिवार. मी पानं उलटत होतो, त्या रेघा मारत होत्या. कालका, जींद, रोहतक, शामली, धुक्यातले, पावसातले, प्रार्थनेतले, सगळे कान. एकदाही मी खरं सांगितलं नाही. रेघा पडायला लागल्यावर तर आणखीच अशक्य झालं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक खोटं होतं. आता तीस वर्षांच्या खुणांवर माझ्यासमोर, मी पानं धरलेली असताना, लाल रेघ पडली होती.

बायकोला मी त्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "तू त्यांना आज सांग, नाहीतर मी सांगते." मी म्हटलं, मी सांगतो. तिने विश्वास ठेवला. तीही फसली.

ताई बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालू लागल्या, पण पालमच्या प्लॅटफॉर्मवर पुन्हा गेल्या नाहीत. ग्रुप सोडला. पलंग रुळांच्या बाजूच्या खोलीतून काढून आतल्या खोलीत हलवला. सगळं व्यवस्थित ऐकू येत असताना त्या लोकांना विचारू लागल्या, "काय म्हणालात? पुन्हा सांगा," आणि दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावरही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसत. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसू लागल्या, पास्टरांचे ओठ दिसावेत म्हणून. मागून गाडी जायची. बोट वर व्हायचं नाही.

मग रूथने त्यांना अहिल्यानगरला न्यायचं ठरवलं. मी निजामुद्दीनला पोचवायला गेलो. गाडी लागलेली होती. रूथ आत सामान लावत होती, ताई आणि मी डब्याच्या दाराशी उभे. शेजारच्या रुळावर रिकाम्या डब्यांची लांब रांग उभी होती आणि तिच्या पलीकडून, काही दिसत नसताना, एक इंजिन येऊ लागलं.

ताईंची मान वळली. डोळे मिटले. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तो चेहरा बघत होतो. "जुनं," त्या पुटपुटल्या. "दमलंय. पण..." आणि तिथेच थांबल्या. डोळे उघडले. माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "कुठलं रे ते? तू बघ."

दोन डब्यांमधल्या फटीतून मी वाकून पाहिलं. जुनंच होतं. काळवंडलेलं, धापा टाकणारं, त्या म्हणाल्या तस्सं. त्यांच्या कानाला एका केसाचाही फरक पडलेला नव्हता. आता तरी बोल, मी स्वतःला म्हणत होतो, इंजिन समोर आहे, पुरावा समोर आहे.

"जुनंच आहे, ताई," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर ओळखलंत. तुमचे कान अगदी बरोबर आहेत. आणि तेव्हाही..."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "फार चांगला आहेस तू," त्या म्हणाल्या. "पण म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून असं काही सांगू नये. मला कळतं."

"ताई, मी खरं..."

"आत्या, चढ आता!" रूथ दारातून म्हणाली. ताईंनी काठी तिच्या हातात दिली, मी कोपराला आधार दिला, त्या चढल्या. काचेतून मला दिसल्या. पलीकडे ते जुनं इंजिन सुटत होतं, फलाट थरथरत होता, धूर डब्यांवरून आमच्या बाजूला उतरत होता आणि आजूबाजूची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. ताई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि रूथच्या ओठांकडे बघत, ती काय बोलतेय ते समजून घेत होत्या.